पानाची स्वतःची गरज

पदवीच्या शेवटच्या वर्षाला वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत हिल अभिक्रियेचा, म्हणजे पानातून वेगळी काढलेली हरितलवकेही (प्रकाशसंश्लेषण करणारे हिरवे कण) उजेडात काम करतात हे दाखवणारा, एक प्रयोग असतो. पालकाची पाने बर्फात गार केलेल्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, खलायची, रस मलमलीतून गाळायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून हरितलवकांचा गाळ वेगळा काढायचा आणि तो ताज्या बफरमध्ये कालवून त्यात डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉल या निळ्या डायचे थेंब टाकायचे. एक परीक्षानळी दिव्यासमोर उभी करायची, दुसरी फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायची. उजेडातल्या नळीतला निळा रंग हळूहळू विरत जातो आणि अंधारातली नळी निळसरच राहते. गेल्या हिवाळ्यात एका प्रात्यक्षिकाच्या दिवशी वीज सारखी ये-जा करत होती. सेंट्रिफ्यूज चालेना, म्हणून एका मुलीने नुसता गाळलेला रसच दोन्ही नळ्यांत घेतला. डाय टाकून तिने एक नळी लगेच गुंडाळली आणि थोड्या वेळाने उघडली, तर आत निळ्याचा मागमूस नव्हता. दोन्ही नळ्या सारख्याच हिरव्या. ती नळी माझ्यासमोर धरून ती म्हणाली, "मॅडम, हिला तर उजेड दाखवलाच नव्हता."

त्याचे उत्तर मला ठाऊक होते. न धुतलेल्या रसात पानाचे स्वतःचे क जीवनसत्त्व असते आणि ते या डायचा रंग उजेडावाचून, क्षणार्धात घालवते. शेजारच्या जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत हाच डाय ब्युरेटमध्ये, म्हणजे थेंबाथेंबाने मोजून सोडणाऱ्या काचनळीत, भरून लिंबाच्या, पेरूच्या, आवळ्याच्या रसातले क जीवनसत्त्व मोजतात. मी तिला दोन्ही नळ्यांत आणखी डाय टाकायला सांगितले. एका टप्प्यानंतर अंधारातल्या नळीत निळा रंग टिकू लागला, कारण रसातले क जीवनसत्त्व संपले होते, आणि उजेडातली नळी मात्र नवा थेंबही सावकाश गिळत राहिली. दोन वेगळ्या घडामोडी एकाच रंगाच्या भाषेत डोळ्यांसमोर उलगडल्या, याचा मला फार आनंद झाला. मुलीचे समाधान मात्र झाले नव्हते. हात धुता धुता तिने विचारले, "पण पालकाला एवढं क जीवनसत्त्व लागतं तरी कशाला?"

हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

त्याचे कारण मला माझ्याच शिक्षणात सापडले. शाळेपासून आपण जीवनसत्त्वांचा जो तक्ता पाठ करतो, त्यात क जीवनसत्त्वापुढे लिंबू, संत्रे, आवळा ही नावे असतात आणि अभावी होणारा रोग म्हणून स्कर्व्ही असते. हिरड्यांतून रक्त येणारा माणूस एका टोकाला, फळांची परडी दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या झाडाविषयी एक अक्षरही नाही. आमच्या घरी कार्तिकात आवळे आले की आजी मोरावळ्यासाठी मोठे, डाग नसलेले आवळे निवडून बाजूला ठेवी आणि उरलेल्यांचे किसून, मीठ-जिरे लावून सुपारीसाठी वाळवण घाली. त्या किसाचा वास, बोटांच्या पेरांवर बसणारा काळपट डाग, चावल्यावर जिभेला पडणारी मिठी आणि वर पाणी प्यायल्यावर घसा गोड होणे, हे सगळे मला लख्ख आठवते. "हे आवळे आहेत म्हणून आपली हाडं शाबूत आहेत," असे आजी म्हणे. आवळा आपल्यासाठीच आहे, ही समजूत इतकी जुनी आणि प्रेमळ आहे की तिच्यावर प्रश्न उपस्थित करताना मला आजही थोडे अवघडल्यासारखे होते.

खरे तर या रेणूची कहाणी सुरू झाली तीच मुळी वनस्पतींपासून. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाला औषध शोधायचे नव्हते. चिरलेले सफरचंद किंवा बटाटा काळा का पडतो आणि लिंबूवर्गीय फळे का पडत नाहीत, याचे त्याला कुतूहल होते. न काळवंडणाऱ्या झाडांचा रस घेऊन केलेल्या चाचणीत रंग उमटायला किंचित उशीर होतो, असे त्याच्या लक्षात आले. रसातले काहीतरी त्या ऑक्सिडीकरणाला क्षणभर थोपवून धरत होते. त्या 'काहीतरी'चा माग काढत तो केंब्रिजला फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात पोहोचला आणि १९२८ मध्ये त्याने तो पदार्थ वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. तेच क जीवनसत्त्व आहे, हे नंतर सिद्ध झाले. पुढे हंगेरीतल्या सेगेद गावी पत्नीने जेवणात वाढलेली ताजी पाप्रिका मिरची खायची इच्छा नव्हती, म्हणून तो ती प्रयोगशाळेत घेऊन गेला आणि तिच्यातून त्याला हा पदार्थ किलोच्या हिशेबात मिळाला. त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९३७ साली. त्याच वर्षी रॉबर्ट हिल याने पेशीबाहेर काढलेल्या हरितलवकांना उजेडात ऑक्सिजन सोडायला लावून दाखवले, आणि तोही हॉपकिन्स यांच्याच विभागात काम करणारा. हिलने लोहाचे क्षार वापरले होते. निळा डाय नंतर आला. एकाच विभागात वावरलेल्या या दोघांची कामे पाठ्यपुस्तकांत मात्र दोन वेगळ्या प्रकरणांत पडली आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यातही ती वेगळीच राहतात.

प्रत्यक्ष पानात ती वेगळी नाहीत. हरितलवकातली क जीवनसत्त्वाची तीव्रता पाहिली की मी दर वेळी थक्क होते: लिटरमागे दहा ते पन्नास मिलिमोल, म्हणजे धडधाकट माणसाच्या रक्तद्रवात असते त्याच्या काही शेकडा पट. एवढा साठा तिथे असण्याचे कारण ऊन आहे. आपण प्रकाशसंश्लेषण शिकवतो तेव्हा ऊन म्हणजे झाडाचे अन्न, जितके जास्त तितके बरे, असा काहीसा सूर लागतो. एप्रिलमधल्या दुपारी बाराच्या उन्हात उभ्या असलेल्या पानाची अवस्था निराळी असते. हरितद्रव्य प्रकाश शोषायचे थांबत नाही, कारण ते त्याच्या हातात नसते. मात्र पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटलेली असतात, आत कार्बन डायऑक्साइड पुरेसा येत नाही आणि प्रकाशाने मोकळे केलेले इलेक्ट्रॉन जायचे कुठे हा प्रश्न उभा राहतो. पाटाला पाणी फार आले की शेतकरी बांधाला एका बाजूने तोंड करून देतो, तशी पानालाही या इलेक्ट्रॉनांना वाट करून द्यावी लागते. त्यांतले काही ऑक्सिजनवर जातात. त्यातून आधी सुपरऑक्साइड आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. हरितलवकात हे पेरॉक्साइड साठू लागले की प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच बंद पडू लागते, आणि ते मोडणारे कॅटालेज हे विकर (एन्झाइम) तर तिथे नसते. हे काम क जीवनसत्त्व करते. एक विकर क जीवनसत्त्वाकडून इलेक्ट्रॉन घेऊन पेरॉक्साइडचे पुन्हा पाणी करते आणि वापरले गेलेले क जीवनसत्त्व प्रकाशातूनच मिळालेल्या इलेक्ट्रॉनांनी लगेच पूर्ववत केले जाते. क्रिस्टीन फॉयर आणि बॅरी हॅलिवेल यांनी १९७६ मध्ये याची रूपरेषा मांडली. जपानमध्ये कोझी असादा यांनी आयुष्याचा मोठा काळ या चक्राला दिला.

याखेरीज आणखी एक काम आहे, जे मला त्याहूनही सुंदर वाटते. ऊन वाढले की पानातले व्हायोलाझँथिन हे पिवळे रंगद्रव्य टप्प्याटप्प्याने झियाझँथिनमध्ये बदलते आणि शोषलेल्या जास्तीच्या प्रकाशाची उष्णता करून ती सोडून देण्यास पानाला मदत होते. ऊन उतरले की रंगद्रव्य पुन्हा मूळ रूपात येते. हा बदल घडवणाऱ्या विकराला क जीवनसत्त्व लागतेच. त्याच्यावाचून ते काम करत नाही. डोक्यावरून ढग सरकत असताना शेवग्याच्या प्रत्येक पर्णिकेत हा खेळ मिनिटांच्या हिशेबात चाललेला असतो, आणि आपण खाली उभे राहून शेंगा मोजत असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात शंभर ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात २२० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व नोंदवले आहे, लिंबापेक्षा कितीतरी अधिक. तो आकडा मी मुलांना आहार म्हणून अनेकदा सांगितला होता. आता तो मला शेवग्याने सोसलेल्या उन्हाचा आकडा वाटतो.

मग झाडाला क जीवनसत्त्व मिळाले नाही तर काय होते?

याचे उत्तर मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस नावाच्या एका चिमुकल्या रोपाने दिले. ओझोनने लवकर करपणारी रोपे शोधत असताना पॅट्रिशिया कॉन्क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९६ मध्ये एक उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेले, रोप सापडले. त्याच्यात क जीवनसत्त्व नेहमीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतके होते. वनस्पती हा रेणू नेमका कसा तयार करतात, हे तोवर कोडेच होते. प्राण्यांमधला मार्ग माहीत झाला होता, पण वनस्पतींतून मिळणारे पुरावे त्याच्याशी जुळत नव्हते. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात ग्लेन व्हीलर, मार्क जोन्स आणि निकोलस स्मिर्नॉफ यांनी तो मार्ग मांडला: ग्लुकोजपासून मॅनोज, मॅनोजपासून एल-गॅलॅक्टोज, आणि त्याच्यापासून शेवटी क जीवनसत्त्व. शेवटची पायरी हरितलवकात घडत नाही. ती तंतुकणिकेच्या (मायटोकाँड्रियाच्या) पडद्यावर, श्वसनाच्या साखळीला लागून घडते. म्हणजे प्रकाशाने बनवलेली साखर श्वसन चालते तिथे जाते, तिचे क जीवनसत्त्व होते आणि ते पुन्हा हरितलवकात प्रकाशाचा मारा झेलायला परत येते. स्मिर्नॉफ यांच्याच गटाने २००७ मध्ये या मार्गातल्या एका कळीच्या विकराची दोन्ही जनुके निकामी झालेली रोपे वाढवून पाहिली. बी रुजले, दोन बीजपत्रे उघडली, आणि ती पांढरी पडून वाढ तिथेच थांबली. त्याच रोपांना बाहेरून क जीवनसत्त्व किंवा एल-गॅलॅक्टोज दिल्यावर ती हिरवी होऊन वाढू लागली. हा शोधनिबंध वाचल्यावर मी बराच वेळ काही केले नाही. प्रात्यक्षिकातल्या त्या मुलीच्या प्रश्नाला याहून थेट उत्तर असू शकत नाही. क जीवनसत्त्वावाचून माणूस काही महिन्यांनी खंगतो. रोपटे पहिल्या दोन पानांपुढे जातच नाही.

आपल्याला ते बाहेरून घ्यावे लागते, ही आपली उणीव आहे. बहुतेक सस्तन प्राणी ते यकृतात तयार करतात. गाय, कुत्रा, मांजर, उंदीर यांना लिंबू लागत नाही. माणसात त्या मार्गातल्या शेवटच्या विकराचे जनुक आहे, पण मोडलेल्या अवस्थेत, आणि हे मोडणे सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वज वानरांच्या शाखेत घडले असावे असा अंदाज आहे. या विषयावर कलकत्त्यात झालेले काम आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे होते, असे मला मनापासून वाटते. बी. सी. गुहा आणि आर. एन. रॉय यांनी १९५८ मध्ये दाखवले की आपल्याकडचे मोठे वटवाघूळ आणि लालबुड्या बुलबुल यांनाही क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. पुढे आय. बी. चॅटर्जी यांनी कोणत्या प्राण्यात ते मूत्रपिंडात बनते, कोणात यकृतात आणि कोणात मुळीच नाही, याचा उत्क्रांतीच्या अंगाने आढावा १९७३ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडला. खिडकीबाहेर तारेवर बसलेला बुलबुल या बाबतीत आपला सोबती आहे, हे कळल्यापासून त्याच्याकडे पाहताना मला जवळीक वाटते.

पान समजले, तरी फळ उरतेच. पानाला उन्हासाठी ते लागते हे पटते, पण फळात एवढा साठा कशाला? इथे किवीची कथा सांगावी लागते. किवी मूळची चीनची. इझाबेल फ्रेझर नावाच्या शिक्षिकेने १९०४ मध्ये तिच्या बिया न्यूझीलंडला नेल्या आणि तिथे त्यातून एक मोठा व्यवसाय उभा राहिला. न्यूझीलंडच्या संशोधकांनी केवळ बाजारातल्या जातीवर न थांबता किवीच्या अनेक रानटी प्रजाती जमवून, लावून, जपून ठेवल्या. त्यांतल्या अ‍ॅक्टिनिडिया एरियांथा या लव असलेल्या फळाच्या प्रजातीत नेहमीच्या हिरव्या किवीच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असते. विल्यम लेंग आणि त्यांचे सहकारी या प्रजातींची तुलना करत गेले आणि वर सांगितलेल्या मार्गातली मुख्य पायरी, म्हणजे 'जीजीपी' हे विकर, ही या साठ्याची किल्ली आहे असे दिसून आले. फळ अगदी कोवळे असताना, फूल गळल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, हे जनुक जोरात चालते. पुढे २०१५ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जीजीपी बनवण्यासाठी जनुकाकडून येणाऱ्या संदेशाच्या सुरुवातीला एक छोटासा, जास्तीचा वाचनाचा तुकडा असतो. पेशीत क जीवनसत्त्व भरपूर झाले की प्रथिन बनवणारी यंत्रणा त्या तुकड्यापाशीच अडखळते आणि पुढचे विकर तयार होत नाही. साठा किती असावा हे झाड असे स्वतःच ठरवत असते. फ्रान्समध्ये बोर्दोच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोमॅटोत निळ्या प्रकाशाशी जोडलेला दुवाही दाखवला: एक प्रथिन अंधारात जीजीपीला धरून ठेवते आणि निळा प्रकाश पडला की सोडते.

हा अटकाव काढून टाकला तर? तेही करून झाले आहे. बीजिंगच्या प्रयोगशाळेत २०१८ मध्ये जनुक-संपादनाने लेट्यूसमधला हा छोटा तुकडा बिघडवला गेला आणि पानातले क जीवनसत्त्व सुमारे दीडशे टक्क्यांनी वाढले. त्याआधी न्यूझीलंडमध्ये टोमॅटो, स्ट्रॉबेरी आणि बटाट्यात जीजीपीचे जनुक जास्तीचे घालून पाहिले होते. तिन्हींत क जीवनसत्त्व वाढले. टोमॅटोत ते कित्येक पटींनी वाढले, पण ज्या फळांत ते सर्वांत अधिक होते त्यांच्यातल्या बिया आणि बियांभोवतालचा बुळबुळीत गर नाहीसा झाला. ही माहिती वाचताना माझ्या मनात दोन भावना एकदम आल्या. कुपोषित मुलांच्या ताटात पोहोचणारी प्रत्येक मिलिग्रॅम मोलाची आहे, आणि असे संशोधन करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. त्याच वेळी बियांविना फुगलेला तो टोमॅटो मला अस्वस्थ करतो. झाडाने साठ्याला घातलेली मर्यादा आपल्याला अडथळा वाटते, कारण आपण फळ खाणाऱ्याच्या बाजूने पाहतो. झाडाच्या बाजूने पाहिले तर त्या मर्यादेत बी सुरक्षित आहे.

म्हणूनच आवळा मला आता अधिकच विलक्षण वाटतो. जुन्या तक्त्यात शंभर ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असलेले हे फळ कठीण बाठ्यात बिया शाबूत ठेवून जगते. १९३९-४० मध्ये हिस्सार भागात दुष्काळ पडून स्कर्व्ही पसरली तेव्हा याच फळाचा उपचारासाठी उपयोग झाला. हे फळ रानात कोण खाते? उत्तरेतल्या राजाजी राष्ट्रीय उद्यानात याचा अभ्यास झाला आहे. तिथे झाडाखाली पडलेले आवळे खाऊन रवंथ करताना बाठे दूरवर टाकणाऱ्यांत चितळ आणि भेकर पुढे होते. चितळ हा रवंथ करणारा प्राणी. त्याचे क जीवनसत्त्व त्याच्या यकृतात तयार होते. ज्याच्या पोटातून आवळ्याची पुढची पिढी रानभर पसरते, त्या मुख्य पाहुण्याला आवळ्यातल्या या ऐवजाची गरजच नाही! खाणाऱ्यासाठी ठेवलेले बक्षीस म्हणून या साठ्याकडे पाहणे मला त्यामुळे पटत नाही. आवळ्याचे वेळापत्रकही विचारात पाडणारे आहे. झाड वसंतात फुलते, फलन होते, आणि मग तो इवलासा अंडाशय सगळा उन्हाळा न वाढता फांदीवर बसून राहतो. एप्रिल-मेमध्ये फांदी जवळ ओढून पाहिली तरी फळ आहे असे वाटत नाही. पाऊस सुरू झाल्यावर त्याची वाढ सुरू होते. म्हणजे सर्वांत कडक उन्हात फळ थांबलेले असते, आणि जे क जीवनसत्त्व आपण कार्तिकात खातो ते ढगाळ महिन्यांत, पानांनी पाठवलेल्या साखरेवर वाढणाऱ्या फळात साठत जाते. पानाचे तर्कशास्त्र फळाला जसेच्या तसे लावता येत नाही, हे मला आवळ्याने शिकवले.

या सगळ्यातून माझे लक्ष शेवटी आपल्या डोंगरांकडे वळले. बाजारात येणारा मोठा, पिवळसर, गुळगुळीत आवळा बहुधा नरेंद्र आवळा-७, कृष्णा, कांचन अशा निवडक जातींचा असतो. डोळा भरून केलेल्या कलमांचे हे मळे शेतकऱ्याला हमखास उत्पन्न देतात आणि त्यात गैर काही नाही. पण एका जातीची सगळी झाडे म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकच झाड. सोनेरी किवीच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो हे न्यूझीलंडने भोगले आहे. २०१० मध्ये तिथल्या 'ते पुके' नावाच्या गावाच्या परिसरात एका जिवाणूचा रोग आला, सोनेरी किवीची तेव्हाची प्रमुख जात त्याला बळी पडली आणि मळेच्या मळे काढून टाकावे लागले. बागायतदार सावरले ते एका वेगळ्या सोनेरी जातीवर, आणि ती हाताशी होती याचे श्रेय वर्षानुवर्षे जपलेल्या वाणांच्या संग्रहाला जाते. सह्याद्रीच्या उतारांवरचा रानआवळा हा आपला तसाच संग्रह आहे. तो फळाने लहान, रेषाळ आणि अधिक तुरट. प्रत्येक झाड बीपासून आलेले, म्हणून प्रत्येक झाड वेगळे. फळे काढताना चढण्याचे कष्ट नकोत म्हणून फांद्याच तोडल्या जातात, आणि अशा झाडाला पुढची काही वर्षे फळ धरायला त्रास होतो. कोणत्या ओढ्याकाठचे झाड उशिरा पिकते, कोणाचा आवळा वाळवल्यावर काळा पडत नाही, कोणाला एकाआड एक वर्षच फळ येते, हे आवळे गोळा करणाऱ्या बायकांना पाठ असते. ते कुठेही लिहिलेले नाही. माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन त्या बायकांबरोबर हिंडावे, झाडांना क्रमांक द्यावेत, पावसापासून कार्तिकापर्यंत प्रत्येक झाडाचे आवळे ब्युरेटखाली मोजावेत आणि बायकांनी सांगितलेले त्या आकड्यांशेजारी लिहून ठेवावे, असे मी ठरवले आहे. या कामाला महागडी यंत्रे लागत नाहीत, डाय प्रयोगशाळेत आहे, आणि झाडे अजून उभी आहेत.